आवडीची कारणे : आशियाई दूरचित्रवाणी मालिका आणि त्यांचा प्रेक्षक



रुची हा शब्द मराठीत पानातल्या पदार्थासाठी वापरतात, तसाच नाटक, काव्य आणि संगीत यांसाठीही वापरतात. दोन्ही ठिकाणी एकच समजूत रूढ आहे : रुचीला कारण विचारायचे नसते. व्यक्ती तितक्या प्रकृती, असे म्हटले की विषय संपतो. एकाला कारल्याची भाजी आवडते, दुसऱ्याला आवडत नाही. त्यावर वाद घालणे व्यर्थ. कलाकृतीच्या बाबतीत मात्र ही समजूत पूर्णपणे स्वीकारता येत नाही. कारल्याला कथा नसते, पात्रे नसतात, आणि कोणाचे वागणे योग्य व कोणाचे अयोग्य हे ते खाणाऱ्याला सुचवीत नाही. दूरचित्रवाणी मालिका हे सारे करते, आणि तेही प्रेक्षकाच्या घरात, बहुधा त्याच्या जेवणाच्या वेळी. म्हणून मालिकेच्या आवडीला कारण विचारणे हा आगाऊपणा होत नाही. उलट प्रेक्षकाला कारण देता येते, असा विश्वास त्या प्रश्नामागे असतो.

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय असा एक प्रेक्षक आणि त्याची आवड हा आहे. हा प्रेक्षक कल्पित आहे, परंतु दुर्मीळ नाही. इम्फाळ, ऐझॉल, चेन्नई, पुणे अशा कोणत्याही शहरात तो भेटेल. तो जपान, दक्षिण कोरिया, चीन, तैवान या देशांच्या मालिका पडद्याखालचा अनुवाद वाचत पाहतो. त्या देशांना तो कधी गेलेला नाही. त्याला त्याची आवड विचारली, तर तो साधारणपणे पाच गोष्टी सांगतो. ज्या मालिकेला शेवट असतो ती त्याला आवडते. ज्या मालिकेतील माणसे काम करताना दिसतात ती आवडते. जिच्यात थोडे बोलले जाते आणि पुष्कळ समजते ती आवडते. गर्भश्रीमंत, उद्धट तरुण आणि गरीब मुलगी यांची प्रेमकथा त्याला खटकते. अपघात, स्मृतिभ्रंश आणि असाध्य रोग यांवर पुढे ढकललेली कथा त्याला नकोशी वाटते. या तीन आवडी आणि दोन नावडी क्रमाने तपासून पाहण्याजोग्या आहेत.

पहिली आवड शेवटाची. वरवर पाहता ही फार साधी अपेक्षा आहे. कथा म्हटली की तिला शेवट असणारच. परंतु भारतीय प्रेक्षकाचा अलीकडचा अनुभव वेगळा आहे. 7 जुलै 1984 रोजी दूरदर्शनवर सुरू झालेली ‘हम लोग’ ही मालिका दीडशेहून अधिक भाग चालली आणि डिसेंबर 1985 मध्ये संपली. श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही 1988 मधील मालिका 53 भागांची होती. मालिका सुरू होते आणि ठरल्या वेळी निरोप घेते, हे त्या पिढीला वेगळे सांगावे लागत नव्हते. पुढे उपग्रह वाहिन्या आल्या आणि रोज दाखविण्याच्या मालिकांची पद्धत रूढ झाली. 2000 ते 2008 या काळात चाललेल्या ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ या मालिकेच्या भागांची संख्या 1,833 इतकी झाली. अशा मालिकेत कथेला शेवटाकडे नेणे हे निर्मात्याचे उद्दिष्टच राहत नाही. ती उद्याही चालू राहिली पाहिजे, एवढेच त्याचे उद्दिष्ट असते. परिणामी पात्रे शहाणी होत नाहीत, कारण ती शहाणी झाली तर कथा थांबेल.

जपानमध्ये रात्री दाखविल्या जाणाऱ्या मालिका वर्षाच्या चार ऋतूंत विभागलेल्या असतात. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत नव्या मालिका सुरू होतात आणि आठवड्याला एक याप्रमाणे सामान्यतः दहा-अकरा भागांत संपतात. 1991 मध्ये फुजी दूरचित्रवाणीने दाखविलेली ‘तोक्यो लव्ह स्टोरी’ ही गाजलेली मालिका 11 भागांची होती. दक्षिण कोरियात दीर्घकाळ रूढ असलेला आकार म्हणजे आठवड्यातील लागोपाठच्या दोन रात्री एकेक तासाचा भाग, आणि आठ आठवड्यांत 16 भाग. चिनी मालिका पुष्कळच लांब असत. 2018 मधील ‘येन-शी राजवाड्याची कथा’ 70 भागांची होती. तेथील नियंत्रक संस्थेने फेब्रुवारी 2020 मध्ये मालिका 40 भागांच्या आत ठेवाव्यात आणि शक्यतो 30 भागांत संपवाव्यात, अशी सूचना काढली. कथा पाणी घालून वाढविली जाते, ही तक्रार तेथेही होतीच.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. शेवट असणे आणि लहान असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेची ‘ओशिन’ ही मालिका एप्रिल 1983 पासून मार्च 1984 पर्यंत, सकाळी पंधरा मिनिटांचा एक याप्रमाणे, 297 भागांत दाखविली गेली. एकूण वेळ हिशेबाने चौऱ्याहत्तर तासांच्या आसपास जातो. तरीही ती संपणारी मालिका होती. एका स्त्रीचे बालपणापासून वृद्धत्वापर्यंतचे आयुष्य सांगून ती थांबणार, हे लेखिका सुगाको हाशिदा यांना आणि प्रेक्षकांनाही ठाऊक होते. पहिल्याच भागांत वृद्ध ओशिन आपल्या कुटुंबाच्या नव्या दुकानाच्या उद्घाटनाच्या दिवशी घर सोडून निघून जाते आणि नातवासह आपल्या जन्मगावाच्या वाटेला लागते. आपल्या हातून चूक कोठे झाली, हा तिचा प्रश्न आहे, आणि पुढचे सारे भाग हा त्या प्रश्नाचा शोध आहे. प्रश्न विचारणारी कथा उत्तराशी पोचली की संपते. प्रेक्षकाला आवडतो तो हा शेवट. आयुष्याचा हिशेब मांडता येतो, असा धीर त्यातून मिळतो.

दुसरी आवड कामाची. ओशिनची कथा आठवली की अनेकांना तिचे दुःख आठवते. परंतु बारकाईने पाहिल्यास त्या मालिकेत दुःखापेक्षा काम अधिक आहे. यामागाता प्रांतातील गरीब कुळाची ही सात वर्षांची मुलगी तांदळाच्या एका पोत्याच्या बदल्यात एका लाकूडव्यापाऱ्याकडे चाकरीला पाठविली जाते. मोगामी नदीवरून तराफ्यातून तिचे जाणे आणि काठावर राहिलेल्या आईवडिलांचा निरोप हे दृश्य जपानमधील एक पिढी विसरलेली नाही. घरी तांदूळ पुरत नाही म्हणून मुळ्याचे तुकडे घालून शिजविलेला भात, थंड पाण्यात धुतलेली लंगोटी, पाठीवर बांधलेले धन्याचे मूल, पुढे केशरचना, शिवणकाम, मासळीविक्री असे एकेक काम ती शिकते. प्रत्येक काम कसे केले जाते हे प्रेक्षकाला दिसते. जपानमध्ये या मालिकेला सरासरी 52.6 टक्के प्रेक्षकवर्ग लाभला, आणि पुढे ती साठाहून अधिक देशांत दाखविली गेली. जेथे जपानी भाषेचा एक शब्दही कोणाला कळत नव्हता, तेथेही चुलीपुढे बसलेली मुलगी कळली.

दक्षिण कोरियाच्या एमबीसी वाहिनीने सप्टेंबर 2003 ते मार्च 2004 या काळात दाखविलेल्या ‘दे जांग-गम’ या 54 भागांच्या मालिकेतही हेच घडते. सोळाव्या शतकातील राजा जुंगजोंग याच्या कारकिर्दीच्या इतिवृत्तांत जांग-गम नावाच्या एका स्त्रीवैद्याचे त्रोटक उल्लेख आहेत. तेवढ्या आधारावर दिग्दर्शक ब्युंग-हून ली यांनी एका मुलीची कथा उभी केली. ती प्रथम राजवाड्याच्या मुदपाकखान्यात वाढते, नंतर कटकारस्थानामुळे तेथून हाकलली जाते आणि वैद्यक शिकून परत येते. मालिकेतील पाककृतींसाठी कोरियन राजघराण्याच्या पाकपरंपरेतील तज्ज्ञ हान बोक-र्यो यांचे मार्गदर्शन होते. ही पाकपरंपरा कोरियन शासनाने 1971 मध्येच जतन करण्याजोगा सांस्कृतिक वारसा म्हणून घोषित केली होती. म्हणून या मालिकेतील स्वयंपाकाला शोभेच्या ताटाचे रूप येत नाही. खारविणे, आंबविणे, वाळविणे, पाण्याची परीक्षा करणे, आजाऱ्याला काय द्यावे आणि काय देऊ नये हे जाणणे, ही सारी विद्या म्हणून दाखविली जाते. जी मुलगी रुचीची परीक्षा करावयास शिकली, तीच पुढे नाडीपरीक्षा शिकते, हा त्या कथेचा पाया आहे.

भारतीय प्रेक्षकाला याचे आकर्षण का वाटावे, हे समजणे कठीण नाही. त्याच्या परिचयाच्या अनेक मालिकांत घर असते, पण घरकाम नसते. पात्रे भरजरी वस्त्रे नेसून दिवाणखान्यात उभी असतात. भात कोण टाकतो, पैसे कोठून येतात, हे कळत नाही. याउलट 2015-16 मधील ‘रिप्लाय 1988’ या कोरियन मालिकेत सोल शहरातील एका गल्लीतील पाच कुटुंबे आहेत. त्यातील एका कुटुंबाचा कर्ता बँकेत नोकरीला असूनही तळघरवजा खोल्यांत राहतो, कारण मित्राच्या कर्जाला तो जामीन राहिला आणि कर्ज त्याच्या गळ्यात पडले. पहिल्याच भागात संध्याकाळच्या जेवणापूर्वी प्रत्येक आई आपल्या घरी शिजलेल्या पदार्थाची थाळी मुलाच्या हाती शेजारी धाडते, आणि प्रत्येक घरातून परत काही येते. मुले गल्लीत एकमेकांना ओलांडत धावत राहतात. चाळीत वा वाड्यात वाढलेल्या मराठी माणसाला हे समजण्यासाठी अनुवादाची गरज पडत नाही. शेजारच्या घरून आलेली वाटी रिकामी परत करायची नसते, हा संकेत त्याच्या घरचाच आहे.

तिसरी आवड संयमाची. येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो, आणि पडद्याखालील इंग्रजी अनुवाद नेमका येथेच तोकडा पडतो. कोरियन भाषेत बोलणाऱ्याने समोरच्या व्यक्तीचे वय, पद आणि जवळीक पाहून क्रियापदाचे रूप निवडावे लागते. दोन तरुण सहकारी दहा भाग एकमेकांशी आदरार्थी बोलतात आणि अकराव्या भागात त्यांतील एक जण सहज एकेरीवर येतो, तेव्हा प्रेमाची कबुली देऊन झालेली असते. इंग्रजीत दोन्ही वाक्ये सारखीच दिसतात. तो क्षण प्रेक्षकाच्या हातून निसटतो, किंवा केवळ नटाच्या चेहऱ्यावरून त्याला तो ओळखावा लागतो. मराठीला ही अडचण नाही. तू, तुम्ही आणि आपण यांतील अंतर मराठी माणूस लहानपणीच शिकतो. ‘अहो’ म्हणणाऱ्या मुखातून ‘अरे’ निघाले की घरातील सर्वांचे कान टवकारतात. कोरियन मालिका मराठीत थेट आणल्या गेल्या, तर जे इंग्रजीत हरवते त्यातील पुष्कळ वाचेल. वयाने मोठ्या पुरुषाला उद्देशून वापरावयाचे काका-मामांसारखे शब्द, थोरल्या भावासाठी बहिणीने वापरावयाचा वेगळा आणि भावाने वापरावयाचा वेगळा शब्द, हे सारे नात्यांच्या नावांनी श्रीमंत असलेल्या भाषेत सामावू शकते.

2018 मधील ‘माय मिस्टर’ ही 16 भागांची मालिका या संदर्भात उल्लेखनीय आहे. तिचा नायक इमारतींच्या बांधणीची सुरक्षितता तपासणारा मध्यमवयीन अभियंता आहे. त्याच्या कार्यालयात तात्पुरती नोकरी करणारी एक तरुण मुलगी कर्जात बुडालेली असून बोलू वा ऐकू न शकणाऱ्या आजीचा सांभाळ करीत आहे. दोघांचे नाते प्रेमकथेच्या कोणत्याही परिचित साच्यात बसत नाही. इमारतीवर बाहेरून जो भार पडतो त्यापेक्षा तिची आतली ताकद अधिक असावी लागते, हा त्याच्या व्यवसायातील नियम तो माणसांच्या आयुष्यालाही लावतो. संपूर्ण मालिकेत ती दोघे फारसे बोलत नाहीत. रस्त्याने चालतात, उपाहारगृहात समोरासमोर बसून खातात, निरोप घेतात. प्रेक्षकाला ही मालिका आवडत असेल, तर शांततेचा अर्थ लावण्याचे काम त्याच्यावर सोपविले जाते म्हणून ती आवडते. ज्या मालिकेत प्रत्येक धक्क्यानंतर तीन वेळा चेहरे दाखविले जातात आणि ढोल वाजतात, तेथे प्रेक्षकाला काही करावयाचे शिल्लकच राहत नाही.

आता नावडींकडे वळता येईल. आवडीपेक्षा नावडीची परीक्षा अधिक कठीण असते, कारण नावड सांगताना माणसाला आपण श्रेष्ठ असल्याचा भास होतो.

जपानी भाषेत एक म्हण आहे : फुलांपेक्षा दांगो बरे. दांगो म्हणजे तांदळाच्या पिठाचे लहान गोळे. वसंतात फुले पाहावयास जमलेल्या माणसांचे लक्ष फुलांपेक्षा खाण्याकडेच असते, असा तिचा अर्थ. योको कामिओ या चित्रकथालेखिकेने या म्हणीवर श्लेष करून, दांगो शब्दाच्या जागी मुलगे या अर्थाची अक्षरे लिहून, ‘हाना योरी दांगो’ ही चित्रकथा रचली. सामान्य घरातील एक मुलगी श्रीमंतांच्या शिक्षणसंस्थेत जाते, तेथे सत्ता गाजविणाऱ्या चार तरुणांशी तिचा संघर्ष होतो, आणि त्यांतील सर्वांत उद्धट तरुण तिच्या प्रेमात पडतो. या कथेवर तैवानमध्ये 2001 साली, जपानमध्ये 2005 साली, दक्षिण कोरियात 2009 साली आणि चीनमध्ये 2018 साली मालिका निघाल्या. जपान व कोरियातील कथा माध्यमिक शाळेत घडते, तर तैवानी कथा महाविद्यालयात घडते. कोरियन मालिकेत मुलीच्या घरचा धंदा कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचा आहे, आणि शाळा एका बलाढ्य उद्योगसमूहाची आहे. त्या देशातील मोठ्या औद्योगिक घराण्यांची सत्ता सामान्य माणसाला कशी भासते, हे त्या तपशिलातून समजते.

प्रेक्षकाला ही कथा खटकते, आणि खटकावी याला कारणही आहे. तो तरुण मुलीचा छळ करवितो, तिला मनगट धरून ओढत नेतो, तिच्या नकाराकडे दुर्लक्ष करतो, आणि कथा या साऱ्याला उत्कट प्रेम असे नाव देते. पुढील काळात खुद्द कोरियातील प्रेक्षकांनीही मनगट धरून ओढण्याच्या या प्रघातावर टीका केली. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. ही मालिका नावडते असे म्हणणाऱ्या प्रेक्षकांपैकी अनेकांनी तिचे सर्व, म्हणजे 25 कोरियन भाग, पूर्ण पाहिलेले असतात. याचा उलगडा केला पाहिजे. त्या कथेत उद्धट तरुणाबरोबरच न वाकणारी मुलगीही आहे. साऱ्या शाळेत तीच एकटी उलट उत्तर देते. प्रेक्षक तिच्यासाठी थांबतो. आवडणे आणि पटणे या दोन भिन्न क्रिया आहेत. त्या एकाच वेळी विरुद्ध दिशांना जाऊ शकतात, हे ज्याला कळले त्याला आपली नावड अधिक प्रामाणिकपणे सांगता येते. ‘मालिका वाईट आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘मुलगी आवडते, तिच्या वाट्याला आलेला शेवट पटत नाही’ असे तो म्हणू शकतो.

दुसरी नावड अपघात आणि स्मृतिभ्रंशाची. 2002 च्या जानेवारी ते मार्च या काळात केबीएस वाहिनीवर आलेली, सोक-हो युन यांनी दिग्दर्शित केलेली ‘विंटर सोनाटा’ ही 20 भागांची मालिका या युक्तीसाठी प्रसिद्ध आहे. शाळकरी वयातील प्रियकर अपघातात मरण पावल्याचे नायिकेला कळते. दहा वर्षांनी तसाच दिसणारा पण दुसऱ्या नावाचा माणूस तिला भेटतो. आणि तो तोच आहे, मात्र त्याला काही आठवत नाही, हे हळूहळू उघड होते. नियमाने पाहता आपल्या प्रेक्षकाने ही मालिका टाकून द्यावयास हवी. पण तो ती टाकीत नाही. पुष्कळ मालिकांत स्मृती जाते ती लेखकाला वाट सापडत नाही म्हणून. येथे स्मृती हाच कथेचा विषय आहे. ज्याला प्रेम आठवत नाही त्याच्यावर त्या प्रेमाचा हक्क सांगता येतो काय, असा तिचा प्रश्न आहे. नियमाला सापडलेल्या अशा अपवादामुळे नियम मोडत नाही. तो अधिक नेमका होतो. नावड स्मृतिभ्रंशाची नव्हती, लेखकाच्या पळवाटेची होती.

या पळवाटा कोठून येतात, हेही प्रेक्षकाला ठाऊक असलेले बरे. कोरियन वाहिन्यांवर दीर्घकाळ अशी पद्धत होती की, मालिकेचे काही भाग तयार होताच प्रसारण सुरू करावयाचे आणि उरलेले भाग प्रसारणाच्या बरोबरीने लिहीत व चित्रित करीत जावयाचे. शेवटच्या आठवड्यांत नटांच्या हाती संहितेची सुटी पाने पडत. सकाळी लिहिलेले दृश्य रात्री दाखविले जाई. प्रेक्षकांच्या पसंतीनुसार कथेची दिशाही बदले. अशा घाईत एखादा अपघात घडवून आणणे लेखकाला सोयीचे वाटले, तर नवल नाही. परंतु त्या घाईची किंमत पडद्यामागील माणसे देत होती. दिवसरात्र चालणारे चित्रीकरण, अपुरी झोप, तंत्रज्ञांचे अपघात यांविषयी त्या देशात आवाज उठला. 2018 मध्ये कामाचा आठवडा कमाल 52 तासांवर आणणारा कायदा तेथे लागू होऊ लागला, आणि निर्मितीची पद्धत बदलू लागली. ‘रिप्लाय 1988’ चे दिग्दर्शक वोन-हो शिन यांनी 2020 मध्ये आणलेली ‘हॉस्पिटल प्लेलिस्ट’ ही रुग्णालयातील डॉक्टरांवरील मालिका आठवड्याला एकच भाग या गतीने, 12 भागांत दाखविली गेली. आठवड्याला दोन तास हवेत असा हट्ट धरणाऱ्या प्रेक्षकाने त्या दोन तासांमागील श्रमाचाही विचार करावा, हे रास्तच आहे. ज्याला पडद्यावरचे काम पाहावयास आवडते, त्याला पडद्यामागच्या कामाबद्दल उदासीन राहता येणार नाही.

येथवर आवडीचा विचार एका माणसाची खाजगी बाब म्हणून झाला. परंतु ती तेवढीच बाब असती, तर राज्यकर्त्यांनी आणि सशस्त्र संघटनांनी तिची इतकी दखल घेतली नसती. मणिपूरमध्ये सप्टेंबर 2000 मध्ये एका बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपट दाखविण्यावर बंदी घातली. पडद्यावर जी पोकळी निर्माण झाली ती भरून काढण्यात कोरियन वाहिन्यांचा व मालिकांचा मोठा वाटा होता. तेथील तरुणांच्या वेशभूषेवर आणि केशरचनेवरही त्यांची छाप पडली. शेजारच्या मिझोराममध्ये स्थानिक केबल वाहिन्यांनी कोरियन मालिका मिझो भाषेत आणल्या. 2014 मध्ये सुरू झालेल्या एका भारतीय वाहिनीने ‘हमसफर’ आणि ‘जिंदगी गुलजार है’ यांसारख्या, पंचवीसच्या आसपास भागांत संपणाऱ्या पाकिस्तानी मालिका भारतीय घरांत पोचविल्या. सप्टेंबर 2016 मधील उरी येथील हल्ल्यानंतर त्या वाहिनीने पाकिस्तानी मालिका थांबविल्या. त्याच वर्षी दक्षिण कोरियाने अमेरिकन क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसविण्याचे ठरविताच चीनमध्ये कोरियन मालिकांची वाट बंद झाली, यद्यपि अशी बंदी घातल्याचे चीनने अधिकृतपणे कधी मान्य केले नाही. उत्तर कोरियात डिसेंबर 2020 मध्ये केलेल्या कायद्याने दक्षिणेकडील मालिका पाहणाऱ्यास दीर्घ मुदतीची सक्तमजुरी आणि त्यांचा मोठ्या प्रमाणावर प्रसार करणाऱ्यास मृत्युदंडापर्यंतची शिक्षा ठेवली आहे. जी गोष्ट एका देशात करमणूक आहे, तीच सीमेपलीकडे प्राणावर बेतणारी आहे.

राज्यसत्तेला मालिकेचे भय वाटावे, असे तिच्यात काय आहे? तिच्यात घोषणा नसतात. एक स्वयंपाकघर असते, एक आजी असते, परीक्षेची चिंता करणारा मुलगा असतो. शत्रू म्हणून ज्याचे वर्णन ऐकले, तो रात्री दमून घरी येतो आणि मुलांसाठी खाऊ आणतो, हे दिसते. मालिकेची खरी शक्ती येथे आहे. जपानने 1910 ते 1945 पर्यंत कोरियावर राज्य केले. त्या कटू स्मृतीमुळे कोरियाने जपानी लोकप्रिय कलांवर दीर्घकाळ निर्बंध ठेवले आणि ते 1998 पासून टप्प्याटप्प्याने उठविले. दुसऱ्या बाजूला, 2003 मध्ये एनएचकेने ‘विंटर सोनाटा’ दाखविली, तेव्हा जपानमधील असंख्य मध्यमवयीन स्त्रिया तिच्यात रमल्या. त्यांच्यापैकी अनेकींनी कोरियन भाषा शिकावयास घेतली आणि चित्रीकरण झालेली स्थळे पाहण्यासाठी चुनचोन शहर व नामी बेट येथे प्रवास केला. दोन राष्ट्रांतील भांडणे त्यामुळे मिटली नाहीत. ती आजही मिटलेली नाहीत. पण ज्या देशाचे नाव केवळ वृत्तपत्रांतील वादांत येत असे, त्या देशाच्या भाषेतील ‘जेवलात काय?’ हा प्रश्न एका जपानी गृहिणीला समजू लागला. एवढे थोडके नव्हे.

तथापि येथे थांबून एक सावधगिरीचा शब्द सांगणे अगत्याचे आहे. मालिका म्हणजे देश नव्हे. कोरियन मालिका पाहून कोरियात सर्व तरुण देखणे आणि सर्व घरे नीटनेटकी असतात असे मानणारा प्रेक्षक, आणि हिंदी चित्रपट पाहून भारतात सर्वजण बागेत गातात असे मानणारा परदेशी माणूस, या दोघांत फरक नाही. मालिका निर्यातीचा माल झाल्यापासून तर हा धोका वाढला आहे. 2016 मधील ‘डिसेंडंट्स ऑफ द सन’ ही मालिका कोरिया आणि चीन या दोन्ही देशांत एकाच वेळी दाखविता यावी, म्हणून प्रसारणापूर्वीच संपूर्ण चित्रित करून चिनी परीक्षकांकडे पाठविण्यात आली होती. शेजाऱ्याला दाखविण्यासाठी आवरलेले घर आणि एरवीचे घर यांत अंतर असतेच. जाणत्या प्रेक्षकाने ते अंतर ध्यानात ठेवावे. त्यासाठी त्या देशाचा इतिहास, कथा-कादंबऱ्या आणि वृत्ते यांचीही थोडी ओळख करून घ्यावी. आवड हे दार आहे. दारातच उभे राहिले, तर घर पाहून झाले असे होत नाही.

म्हणून आवडीची कारणे शोधण्याचा लाभ दुहेरी आहे. कारण सापडले की प्रेक्षक देशाच्या नावावर विसंबत नाही. ‘कोरियन मालिका चांगल्या आणि आपल्या वाईट’ असे सरसकट विधान मग त्याला करता येत नाही, कारण त्याला हवा असतो शेवट, हवे असते काम, हवा असतो संयम. आणि या गोष्टी कोणा एका देशाच्या मालकीच्या नाहीत. दूरदर्शनच्या पडद्यावर त्या एकेकाळी होत्या, आणि मराठीत वा हिंदीत त्या पुन्हा मागता येतात. दुसरा लाभ असा की, अशी मागणी स्पष्ट शब्दांत करता येते. ‘काही तरी चांगले दाखवा’ या तक्रारीला निर्मात्याकडे उत्तर नसते. ‘कथा ठरल्या भागांत संपवा, माणसे पोट कशी भरतात ते दाखवा, प्रत्येक भावना बोलून दाखवू नका’ या मागणीला त्याला उत्तर द्यावे लागते.

उत्तम प्रेक्षक असल्याखेरीज उत्तम मालिका टिकत नाहीत. प्रेक्षकाला उत्तम होण्यासाठी पदवी लागत नाही, परदेशप्रवासही लागत नाही. मालिका संपल्यावर पडदा बंद करून, हे का आवडले आणि ते का नावडले, एवढा प्रश्न त्याने स्वतःला विचारावा, घरातील माणसांना विचारावा, आणि मिळालेले उत्तर पुढच्या मालिकेवर पारखून पाहावे. उत्तर प्रत्येकाचे निराळे येईल. एखाद्याला संयमापेक्षा रडू अधिक आवडेल, एखाद्याला स्वयंपाकघरापेक्षा राजदरबारातील डावपेच आवडतील. त्यात गैर काही नाही. व्यक्ती तितक्या प्रकृती हे वचन खरेच आहे. मात्र त्याने चर्चेचा शेवट करू नये, त्याने तिची सुरुवात करावी.